लाट मीटर-दीड मीटरची, मग जहाज बंदराबाहेर का काढलं?

मालक, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमचा मुलगा डेक कॅडेट, म्हणजे जहाजावरचा शिकाऊ अधिकारी आहे. ३० जुलै २०२५ ला आपल्याकडे पहाटे पाचच्या सुमाराला रशियाच्या कामचाटकाजवळ ८.८ चा भूकंप झाला, तेव्हा त्याचं जहाज हवाईच्या एका बंदरात धक्क्याला लागलेलं होतं, माल अर्धा उतरवून झालेला, आणि अचानक आदेश आला की काम थांबवा, दोर सोडा आणि समुद्रात निघा. रात्रभर जहाज बाहेर खोल पाण्यात फिरत राहिलं आणि नंतर बातमी बघितली तर लाट म्हणे मीटर-दीड मीटर. मुलाचं म्हणणं उगाच धावपळ केली, आणि तुमचं म्हणणं की जिथून लाट येतेय त्याच समुद्रात पोरांना ढकलायचं हा कुठला न्याय.

धावपळ उगाच नव्हती, आणि तुमच्या मुलासाठी त्या रात्री सगळ्यात सुरक्षित जागा तीच होती. का ते सांगतो, जरा लांबेल.

मी सोलापूरचाच. वडील आधी मिलमध्ये, नंतर घरी चार पॉवरलूम टाकले. मी सिव्हिल करून बंदरांच्या कामाला लागलो आणि ३१ वर्षं धक्के, बोलार्ड (दोर अडकवायचे खुंट), फेंडर (जहाज धक्क्यावर आपटू नये म्हणून लावलेली गादी) आणि जहाजं बांधून ठेवायची सगळी व्यवस्था यातच गेली, कधी पूर्व किनाऱ्यावर, कधी पश्चिम. आता रिटायर होऊन जुळे सोलापुरात असतो.

लोकांच्या डोक्यात त्सुनामी म्हणजे उंची. टीव्हीवर पण पहिला प्रश्न तोच, किती मीटरची? गावात, वस्तीत पाणी शिरणार का हे बघायला उंची लागतेच. पण भूकंप हजारो किलोमीटर लांब झालाय आणि तुम्ही बंदरात आहात, तेव्हा उंचीच्या आकड्याकडे बघून निर्णय घेतला तर फसायला होतं. तिथे बघायचा तो करंट, पाण्याची ओढ. आणि दुसरं म्हणजे ती ओढ किती तास चालणार.

कोणी म्हणेल मुंबईला उधाणाच्या भरतीला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, तिथे एका मीटरचं काय कौतुक. बरोबर आहे, पण ते चार मीटर चढायला सहा तासांच्या वर लागतात, म्हणजे मिनिटाला साधारण एक सेंटिमीटर. त्सुनामीचं तेच एक मीटर पाणी दहा मिनिटांत चढतं, मिनिटाला दहा सेंटिमीटर. पाणी दहापट घाईने आत यायला लागलं की बंदराच्या तोंडातून त्याला दहापट वेगाने यावं लागतं, आणि पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ढोबळ हिशोबाने शंभरपट. भरतीच्या वेळी खलाशी येताजाता दोर थोडा सैल थोडा घट्ट करत राहतो आणि निभावतं, इथे दोर ओढायच्या यंत्रापर्यंत, विंचपर्यंत पोचायच्या आत खेळ झालेला असतो. आणि हवाईत तर रोजची भरती-ओहोटीच जेमतेम अर्धा-पाऊण मीटर, तिथली बंदरं त्याच अंदाजाने बांधलेली, तिथे मीटर-दीड मीटर म्हणजे फार झालं.

साधा हिशोब करून बघा, कागद-पेन घेऊन. समजा बंदराच्या आतलं पाणी एक चौरस किलोमीटर, तोंड १०० मीटर रुंद आणि १० मीटर खोल. आतली पातळी दहा मिनिटांत एक मीटर वाढायची तर दहा लाख घनमीटर पाणी त्या तोंडातून ६०० सेकंदांत आत आलं पाहिजे. भागाकार केला की सेकंदाला १.७ मीटर येतं, म्हणजे सव्वातीन नॉट (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर), ते पण सरासरी, मधल्या मिनिटांत पाचच्या आसपास जाणार. मग पुढच्या दहा मिनिटांत तेवढंच पाणी उलटं बाहेर. गड्ड्याच्या यात्रेत तुम्ही बघितलंच असेल, मोकळ्या मैदानात माणसं आरामात फिरत असतात आणि गेटजवळ आली की पाय जमिनीला लागत नाहीत, गर्दी तीच पण जागा अरुंद. बंदराचं तोंड म्हणजे ते गेट. कॅलिफोर्नियाच्या बंदरांचा अभ्यास झालाय त्यात साधारण तीन नॉटच्या वर करंट गेला की तरंगते धक्के आणि होड्या यांचं नुकसान सुरू होतं असं दिसलं, सहाच्या वर गेलं की मोठं नुकसान. लाट तिथे दिसतही नाही बरं का, पाणी नुसतं नदीसारखं वाहायला लागतं, वळणावर आणि ब्रेकवॉटरच्या, म्हणजे लाटा अडवणाऱ्या बांधाच्या टोकाशी भोवरे पडतात. टग, म्हणजे जहाज ओढणाऱ्या बोटी लावून जहाज सावरायचं म्हटलं तर दर दहा मिनिटांनी दिशा बदलणाऱ्या पाण्यात ते जहाज आत-बाहेर नेणाऱ्या कुठल्याही पायलटला अवघडच.

आता जहाजाच्या बाजूने. २०० मीटर लांबीचं जहाज, त्याचा तळ पाण्यात १० मीटर खाली, आणि करंट आडवा बसला सेकंदाला दीड मीटरने, तर जहाजावरचा जोर दोनशे टनांच्या वर जातो. अशा जहाजाचा एक चांगला दोर साठ-सत्तर टनांना तुटतो. तुम्ही म्हणाल दहा-बारा दोर असतात की, मग काय काळजी. इथे मला कायम आमचा लूम आठवतो. ताण्याचे, म्हणजे उभे, सगळे धागे सारखे ताणलेले असतील तर बीम कितीही ओढा काही होत नाही, पण चार धागे जास्त घट्ट राहिले की पहिले ते जातात, मग त्यांचा भार शेजारच्यांवर, मग ते जातात, आणि बघता बघता कापडात भगदाड. वडील लूम सुरू करायच्या आधी तळहात सपाट ठेवून ताण्यावरून फिरवायचे, घट्ट धागा हाताला लगेच लागायचा. जहाजाच्या दोरांचं अगदी तेच. बारा दोर असले तरी भार बाराही जणांत सारखा कधीच वाटला जात नाही, सगळ्यात आखूड आणि घट्ट तो पहिला जातो. मी नवीन पोरांना कायम सांगायचो की दोर मोजू नका, त्यांचा ताण बघा.

२६ डिसेंबर २००४, रविवार. मी तेव्हा पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदरात होतो. आपल्या वेळेने सकाळी साडेसहाला सुमात्राजवळ भूकंप झालेला, पण आम्हाला काहीही कल्पना नाही, तेव्हा आपल्याकडे इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. नऊ वाजून गेले असतील, धक्क्याच्या टोकाला चहाचा ग्लास हातात घेऊन उभा होतो आणि समोरच्या पाइल्सकडे, म्हणजे धक्का पेलणाऱ्या खांबांकडे सहज लक्ष गेलं. पाइलवर शिंपल्यांचा आणि हिरव्या शेवाळाचा पट्टा असतो, त्याच्याही खालचा काळा भाग उघडा पडलेला आणि त्यावरून पाणी निथळत होतं. इतकी वर्षं त्या धक्क्यावर काढली, तो भाग कधी उघडा बघितला नव्हता. चहा संपायच्या आत पाणी परत वर आलं आणि पट्टा पूर्ण बुडाला. मग जहाजाच्या दोरांतून करकर आवाज यायला लागला. जाड नायलॉनचा दोर फार ताणला गेला की आतलं पाणी पिळून बाहेर पडतं, धोतर पिळल्यासारखं, दोराच्या पूर्ण लांबीवर बारीक थेंब उडत होते. मी ओरडलो सगळे मागे व्हा. पुढचा एक दोर तुटला आणि त्याचं टोक एका रिकाम्या डांबराच्या पिंपाला लागलं, पिंप मधोमध चेपलं. तिथे दोन मिनिटांपूर्वी एक माणूस बसला होता. म्हणून सांगतो, ताणलेल्या दोराच्या रेषेत कधीच उभं राहायचं नाही, हे तुमच्या मुलाला शिकवलेलं असेलच पण तुम्ही पण एकदा सांगा, बापाने सांगितलेलं वेगळं लक्षात राहतं.

पण खरं चुकलं ते नंतर. बारा-साडेबाराला पाणी शांत वाटायला लागलं. वरच्या एका साहेबांनी सांगितलं झालं आता, लाँच, म्हणजे बंदराची छोटी बोट, परत धक्क्याला लावा. मीसुद्धा विरोध केला नाही, मला तरी कुठे माहीत होतं. दीडच्या सुमाराला पाणी पुन्हा झपकन खाली गेलं, लाँच सरकून फेंडरच्या खाली शिरली, आणि पाणी चढायला लागलं तसं तिला वर यायला जागाच नाही. पाण्याने तिला खालून दाबली आणि वरून काँक्रीट. केबिनचं छप्पर पत्र्याच्या डब्यासारखं बसलं, आत एक खलाशी होता, त्याचा हात मनगटापाशी मोडला. पहिली लाट येऊन चार-साडेचार तास झाले होते. त्या माणसाचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे आणि त्यानंतर मी लांबच्या त्सुनामीवर मिळेल ते सगळं वाचून काढलं.

वाचल्यावर कळलं की आमच्याकडे झालं ते काही विशेष नव्हतं. त्याच दिवशी ओमानच्या सलालाह बंदरात २८५ मीटर लांबीच्या कंटेनर जहाजाचे सगळे दोर तुटले, तिथल्या वेळेने दुपारी पावणेदोनला, म्हणजे भूकंपाला साडेआठ तास होऊन गेल्यावर. करंटने ते जहाज गरागरा फिरवलं, काही तास ते बंदराच्या आत-बाहेर भरकटलं आणि शेवटी वाळूच्या दांड्यावर चढलं. मादागास्करच्या तोआमासिना बंदरात तर ५० मीटरचं एक मालवाहू जहाज संध्याकाळी सातला सुटलं. तिथे सगळ्यात उंच लाटा कित्येक तास आधीच येऊन गेल्या होत्या, आणि तरी जहाज नंतर सुटलं.

असं का होतं हेच माझ्या मते या सगळ्या विषयातलं मुख्य. सोलापुरात पाणी भरून ठेवायची सवय घरोघर आहे त्यामुळे हे प्रत्येकाने अनुभवलंय, पसरट घमेल्यात पाणी घेऊन चालायला लागा, एका ठराविक चालीने चाललात की पाणी हेलकावे खायला लागतं आणि दोन-चार पावलांत बाहेर सांडतं, चाल बदलली की शांत होतं. प्रत्येक भांड्याची आपली एक चाल असते. बंदर हे एका बाजूने उघडं भांडंच आहे. लांबी आणि खोलीवरून त्याची चाल निघते, दोन किलोमीटर लांब आणि दहा मीटर खोल बंदर असेल तर साधारण तेरा-चौदा मिनिटांचा एक हेलकावा. बाहेरून येणाऱ्या लाटांची चाल त्याच्याशी जुळली की प्रत्येक लाट आधीच्या हेलकाव्यात भर घालते, झोक्याला बरोबर वेळेवर धक्का दिल्यासारखं. त्यामुळे बंदराबाहेर अर्धा मीटर असलेलं आत दुप्पट-तिप्पट होऊ शकतं, शेजारच्याच दुसऱ्या बंदरात काही नाही.

त्यात लांबून येणाऱ्या लाटा एकत्र पोचत नाहीत. आषाढीला दिंड्या पंढरपुरात एकाच वेळी शिरत नाहीत ना, तसंच. मोठ्या कालावधीच्या, म्हणजे दोन शिखरांमध्ये जास्त मिनिटं जाणाऱ्या लाटा सगळ्यात पुढे असतात, लहान कालावधीच्या मागे रेंगाळतात, आणि जितकं अंतर जास्त तितकी ही फारकत वाढते. काही लाटा समोरच्या खंडावर आपटून उलट्या येतात, काही समुद्रतळाच्या डोंगररांगांवरून वळून येतात. तुमच्या बंदराची चाल लहान असेल तर पहिल्या मोठ्या लाटेला ते फारसं हलणारच नाही, आणि मागून सावकाश येणाऱ्या बारक्या लाटा त्याला बरोबर पकडतील. तोआमासिनाच्या त्या उशिराचा अर्थ अभ्यासकांनी हाच लावला.

कॅलिफोर्नियातलं क्रेसेंट सिटी बंदर याचं जगातलं ठळक उदाहरण, त्याची चाल वीस-बावीस मिनिटांची आणि पॅसिफिकमध्ये कुठेही मोठा भूकंप झाला की ते बंदर हलतंच. १९६४ ला अलास्काच्या भूकंपानंतर तिथे चौथी लाट सगळ्यात मोठी होती, पहिल्या लाटा गेल्या म्हणून लोक साफसफाई करायला खाली आले होते. १५ नोव्हेंबर २००६ ला कुरील बेटांचा भूकंप झाला, इशारा आधीच उठवला होता, आणि पहिल्या लाटेनंतर दोन तासांहून जास्त वेळाने आलेल्या लाटेने तिथले तरंगते धक्के मोडून टाकले. २०११ ला जपानच्या भूकंपाने परत सगळं उद्ध्वस्त केलं, शिवाय करंटने तळाचा गाळ उपसून नको तिथे आणून टाकला, बोटी काढून झाल्या तरी गाळ काढून, म्हणजे ड्रेजिंग झाल्याशिवाय बंदर नीट चालेना. मग त्यांनी त्सुनामी डोळ्यासमोर ठेवून जाड पाइल्सचे नवे धक्के बांधले आणि तुमच्या मुलाच्या त्या कामचाटकाच्या दिवशी तिथलाच एक धक्का खराब झाला, पण त्याने मार खाल्ला आणि आतल्या बोटी वाचल्या.

तेलाचं पण लक्षात ठेवायला हवं. १५ जानेवारी २०२२ ला टोंगाजवळ समुद्रातला ज्वालामुखी फुटला, आणि दहा हजार किलोमीटर लांब पेरूच्या किनाऱ्यावर एक टँकर तेल उतरवत असताना त्याचे दोर तुटले, पाइपलाइन निखळली आणि दहा हजार बॅरलच्या वर कच्चं तेल समुद्रात गेलं. कोणाची किती चूक यावर पुढे बरेच वाद झाले, त्यात मी पडत नाही. माझ्या दृष्टीने मुद्दा एवढाच की जहाज आणि किनारा पाइपने जोडलेले असताना पाणी ओढायला लागलं तर हातात मिनिटंच असतात, म्हणून इशारा आल्याबरोबर सगळ्यात आधी लोडिंग आर्म आणि होज, म्हणजे तेलाचे पाइप सोडायचे, दोर नंतर.

आता तुमचा दुसरा प्रश्न, समुद्रात का पाठवलं. चार हजार मीटर खोलीत त्सुनामी ताशी सातशे किलोमीटरने पळते हे ऐकून भीती वाटते, पण तो लाटेच्या आकाराचा वेग आहे, पाणी स्वतः तितकं पळत नाही. तिथे लाटेच्या एका शिखरापासून दुसऱ्यापर्यंत अंतर दोनशे किलोमीटरच्या वर असतं आणि उंची फूट-दोन फूट. २००४ च्या इतक्या भयंकर त्सुनामीची खोल समुद्रातली उंची उपग्रहाने दोन तासांनी मोजली ती ६० सेंटिमीटरच्या आसपास होती. जहाज दहा मिनिटांत दोन फूट वर जाणार आणि तितकंच खाली येणार, मेसमध्ये बसलेल्या माणसाला कळणारही नाही. किनाऱ्याकडे येताना खोली कमी होते तशी लाट मंद होते आणि उंची वाढते, चार हजार मीटरवरून दहा मीटरवर येईपर्यंत नुसत्या या कारणाने साडेचारपट. आणि पाण्याच्या ओढीत तर फरक आणखी मोठा. अर्ध्या मीटरच्या लाटेला १०० मीटर खोलीवर पाणी सेकंदाला पंधरा-सोळा सेंटिमीटर सरकतं, चालणाऱ्या माणसापेक्षा किती तरी हळू. तेच पाणी बंदराच्या तोंडात सेकंदाला दोन-अडीच मीटर. शिवाय बाहेर आपटायला धक्का नाही, शेजारचं जहाज नाही, आणि पाणी उतरलं तर तळाला टेकायची भीती नाही. हवाईला त्या दिवशी हाताशी काही तास होते, म्हणून जहाजं वेळेत बाहेर काढता आली. भूकंप जवळ झाला असता तर मी सांगितलं असतं जहाज तिथेच सोडा आणि माणसं उंचावर न्या.

आपल्या किनाऱ्याचं विचाराल तर महाराष्ट्राला लांबची त्सुनामी यायची मुख्य जागा म्हणजे पाकिस्तान-इराणचा मकरान किनारा. २८ नोव्हेंबर १९४५ ला पहाटे साडेतीनच्या सुमाराला तिथे ८.१ चा भूकंप झाला आणि काही तासांनी मुंबईत पाणी चढलं, माणसं वाहून गेल्याची नोंद आहे, अपोलो बंदरच्या भरतीमापकावर त्या लाटा उमटल्या होत्या. तेव्हा न्हावाशेवा बंदर नव्हतं, आज आपल्या सोलापूरचे टॉवेल, चादरी आणि डाळिंबं तिथूनच बाहेर जातात. आणि मुंबईच्या बाबतीत भरतीची वेळ फार महत्त्वाची. तीच एक मीटर लाट ओहोटीच्या तळाला आली तर जहाज टेकायची भीती, आणि उधाणाच्या टोकाला आली तर पाणी धक्क्यावरून आत. मला जास्त काळजी मोठ्या बंदरांपेक्षा मासेमारीच्या बंदरांची वाटते, ससून डॉक, रत्नागिरीचं मिरकरवाडा, जिथे ट्रॉलर एकमेकांना बांधून दाटीने उभे असतात, एक सुटला की दहा घेऊन सुटतो, आणि मालक लोक बोट वाचवायला नेमके त्याच वेळी पाण्याकडे धावतात. २०११ ला कॅलिफोर्नियात एक तरुण नुसता लाटेचे फोटो काढायला नदीच्या मुखाशी उभा होता, तो वाहून गेला, भूकंप तिकडे जपानमध्ये झालेला.

इशाऱ्याचं आता बरं आहे. २००७ पासून हैदराबादला आपलं त्सुनामी पूर्वसूचना केंद्र चालू आहे, इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेत, सोलापूरहून गाडीने पाच-सहा तास. समुद्र नसलेल्या गावात बसून ते लोक चोवीस तास अख्ख्या हिंदी महासागराच्या तळावरचे दाबमापक आणि किनाऱ्यावरचे भरतीमापक बघत असतात आणि भूकंपानंतर दहा मिनिटांच्या आसपास पहिलं बुलेटिन काढतात. पण बुलेटिनमध्ये उंची आणि वेळ असते, तुमच्या बंदराच्या तोंडात किती नॉट करंट होईल आणि तो कधी थांबेल हे ज्या-त्या बंदराने आपलं आपण आधी काढून ठेवलेलं असावं लागतं. ते काम आपल्याकडे व्हायला पाहिजे तितकं झालेलं मी माझ्या नोकरीत तरी बघितलं नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं, कारण खडकवासल्याला बंदरांची मॉडेल करणारी इतकी जुनी आणि चांगली संस्था आपल्याजवळ आहे.

मुलाला एवढं सांगा की पुढच्या वेळी असा आदेश आला तर आकडा विचारण्याआधी तीन गोष्टी बघ, या बंदराचं तोंड किती रुंद, आतलं पाणी किती, आणि आत्ता भरती आहे का ओहोटी. आणि परत आत यायची घाई करू नकोस, पहिली लाट गेल्यावर निदान अर्धा दिवस पाण्यावर नजर ठेवायची, बाहेर जहाजावर कंटाळा आला तरी चालेल. त्या बंदराच्या भरतीमापकाचा त्या रात्रीचा ग्राफ काढून मला पाठवायला सांगा, पहिली लाट कुठली, सगळ्यात मोठी कुठली आणि हेलकावा दर किती मिनिटांनी येतोय ते मी खुणा करून परत पाठवतो, मग त्याचं जहाज धक्क्यालाच राहिलं असतं तर नेमकं किती वाजता अडचणीत आलं असतं ते त्याला स्वतःलाच काढता येईल.